बंगल्याबरोबर तलावही आला, आता?

मे महिन्यात बहिणीचा फोन आला. "दादा, तलावाचं पाणी हिरवं पडलंय. मोटर नुसती घुमते, फिरत नाही. आणि बघायला आलेला माणूस म्हणतोय, मशिनरी जुनी झाली, सगळीच बदला." सगळीच म्हणजे किती? कोटेशन तीन लाखांच्या वर गेलं होतं. तिने आणि भावोजींनी मार्चमध्येच अलिबागजवळ पोहायचा तलाव असलेला एक बारा वर्षं जुना बंगला घेतला होता. सौद्याच्या दिवशी पाणी निळंशार, पाण्याखाली दिवाही लागलेला. खरेदीखत झालं आणि दोन महिन्यांत ही अवस्था.

अशी घरं आता बरीच हात बदलताहेत. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि अलिबाग मुंबईकराच्या शनिवार-रविवारच्या टप्प्यात आलं. लोणावळा, कर्जत, गोवा इथेही हीच हवा. घेणारा सातबारा वाचतो, हद्दीचे दगड बघतो, विहिरीला मेपर्यंत पाणी टिकतं का विचारतो. तलावाकडे बघून मात्र फक्त "वा!" म्हणतो.

मी त्या तीन लाखांच्या कागदापासून सुरुवात केली आणि पंचवीस हजारांच्या आत थांबलो. त्यात माझी हुशारी फारशी नव्हती. तलावाची तक्रार जिथे दिसते तिथे बिघाड क्वचितच असतो, एवढं माहीत होतं. म्हणून काहीही बदलायच्या आधी पाण्याच्या मागोमाग चालत गेलो.

## पाणी जातं कुठे, येतं कुठून

तिथले माळीकाका तलावाला 'हौद' म्हणतात. (मलाही 'पूल' म्हणवत नाही. पूल म्हटला की त्याच्याखालून पाणी जायला हवं.) आणि ते बरोबरच आहे. हा हौदच, फक्त यातलं पाणी सतत गोल फिरत असतं.

काठाजवळ भिंतीत एक चौकोनी खिडकी असते, तिला स्किमर म्हणतात. वर तरंगणारी पानं, किडे ती ओढून घेते. तळाशी एक जाळी असते, ते मेन ड्रेन. दोन्हींचे पाइप पंपाकडे जातात. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक झाकणाची टोपली असते, मोठा कचरा तिथे अडकतो. पंप पाणी ढकलतो फिल्टरमध्ये. हा एक मोठा गोल घट, आत वाळू. वाळूतून गाळलेलं पाणी भिंतीतल्या तोट्यांतून परत तलावात येतं. बस, एवढाच प्रवास. काही छोट्या बंगल्यांत पाइपच नसतात, काठावर अडकवलेली एक पेटी असते आणि वाळूऐवजी कापडी पिशवी किंवा घड्यांची नळी असते. तिथेही क्रम हाच.

या प्रवासातली एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची: पंपाच्या अलीकडे ओढ असते, पलीकडे दाब. शहाळ्यातल्या नळीला बारीक चीर पडली तर पाणी बाहेर सांडत नाही, तोंडात हवा येते. पंपाच्या अलीकडचा पाइप ही ती नळी. तिथे फट असेल तर जमीन कोरडी राहते आणि पंप हवा गिळतो. पलीकडच्या बाजूला फट असेल तर मात्र पाणी बाहेर येतं. त्यामुळे "कुठे गळत तर नाही" म्हणून फरशी चाचपत बसलेला माणूस निम्म्या बिघाडांच्या जवळही पोचत नाही.

## पाण्यात हात घालण्याआधी वीज

जुन्या तलावात पहिल्यांदा काही तपासायचं तर ते पाणी नव्हे, वायरिंग.

बहिणीकडचा पंप जमिनीखालच्या खड्ड्यात होता. लोखंडी झाकण उचललं तर क्लोरीनचा वास भपकन नाकात गेला. कोपऱ्यात हायपोचे आणि ॲसिडचे कॅन शेजारी शेजारी ठेवलेले. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, तलावात घालायचं पातळ क्लोरीन. मोटरच्या पंख्याचं झाकण गंजून चाळणी झालेलं, वायरी जोडायच्या डबीतल्या तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर. मशिनरी बारा वर्षांनी म्हातारी झालेली नव्हती. तिला रोज विषारी धुरी मिळत होती. क्लोरीन हवेपेक्षा जड असतं, ते खड्ड्यात साचून राहतं आणि धातू खातं. शिवाय त्या दोन कॅनमधलं रसायन चुकून एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली शस्त्र म्हणून वापरला तोच हा वायू. सगळे कॅन त्याच दिवशी वर काढून वेगवेगळ्या, मोकळ्या हवेच्या शेडमध्ये ठेवले.

मग आरसीसीबी. वीज कुठेतरी गळतेय असं कळताच क्षणात पुरवठा तोडणारा हा स्विच. तलावासाठी तो ३० मिलिअँपिअरचा हवा. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, ते दाबल्यावर खटका पडलाच पाहिजे. इथे पडला नाही. तो त्याच दिवशी बदलला आणि अर्थिंग मीटर लावून बघितलं. पाण्याखालचा दिवा १२ व्होल्टवर चालायला हवा, मध्ये ट्रान्सफॉर्मर हवा. सौद्याच्या दिवशी मिरवणारा दिवा सरळ २३० व्होल्टवर होता. त्याची वायर मी पॅनेलमधूनच काढून ठेवली. पाण्यात असताना शिडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर "थोडा करंट लागतो" म्हणून हसून सोडायचं नाही. सगळ्यांनी शिडीला न शिवता बाहेर यायचं आणि मेन बंद करायचा.

दुसरी जीवघेणी जागा म्हणजे तळाची जाळी. जाळी तुटलेली किंवा सपाट असेल आणि त्यावर कोणी बसलं तर ओढ किती असते? वीस सेंटिमीटर व्यासाचं तोंड पूर्ण झाकलं गेलं आणि पंपाने हवेच्या दाबाच्या निम्मी ओढ जरी निर्माण केली, तरी ती जवळपास दीडशे किलोच्या वजनाइतकी होते. मुलाला वर ओढून काढणं मोठ्या माणसालाही जमत नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ मध्ये गरम पाण्याच्या टबात अशीच अडकून गेली. पुढे तिच्याच नावाने तिथे डिसेंबर २००७ मध्ये कायदा झाला आणि सार्वजनिक तलावांत न अडकवणारी झाकणं सक्तीची झाली. आपल्याकडच्या जुन्या बंगल्यांत असलं झाकण असेलच असं धरून चालू नका. झाकण घुमटाकार आहे का, स्क्रू जागेवर आहेत का, ओढ एकाच तोंडावर येते की दोन तोंडांत वाटली जाते, एवढं बघा. ते होईपर्यंत पोरांना आत सोडायचं नाही. आमच्याकडे भाच्याने दोन दिवस तोंड फुगवलं होतं, फुगवू दिलं.

## तलाव आहे केवढा?

हा प्रश्न विचारला तर दहातले नऊ मालक हाताने लांबी दाखवतात. लिटरमध्ये सांगा म्हटलं की गप्प. पातेलं केवढं आहे हे माहीत नसताना आमटीत मीठ घालण्यासारखं आहे हे.

आमचा तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, उथळ टोकाला १ मीटर, खोल टोकाला दीड. सरासरी खोली सव्वा मीटर. गुणाकार ४० घनमीटर, म्हणजे ४०,००० लिटर. दहा हजारांचे चार टँकर. रसायनांचं माप पीपीएममध्ये सांगतात, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. पाण्याच्या बाबतीत ते लिटरला एक मिलिग्रॅम होतं. चाळीस हजार लिटरला १ पीपीएम क्लोरीन म्हणजे ४० ग्रॅम. दहा टक्क्यांचं हायपो असेल तर सुमारे ४०० मिली. काका रोज "दोन मगे" घालत होते. मगा किती मिलीचा, हे कोणालाच माहीत नव्हतं.

## मोटर काय सांगते

मोटर घुमते पण फिरत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. आपले इलेक्ट्रिशियन त्याला कंडेन्सर म्हणतात. सिंगल फेज मोटरला स्वतःहून सुरुवात करता येत नाही. झोपाळ्याला पहिला धक्का द्यावा लागतो, तसा तिला कंडेन्सर देतो. तो दोन-तीनशे रुपयांत येतो. घुमणारी मोटर तशीच चालू ठेवली तर मात्र वायंडिंग जळतं आणि मग ती भरायला टाकावी लागते. म्हणून घुमली की लगेच बंद.

कंडेन्सर बदलायच्या आधी मेन बंद करून मोटरच्या मागचा पंखा हाताने फिरवून बघायचा. फिरत नसेल तर आत पान, खडा नाहीतर गंज अडकलाय आणि नवा कंडेन्सरही जळेल. हे काम सवयीच्या माणसाकडूनच करून घ्या, कारण कंडेन्सर मेन बंद केल्यावरही काही वेळ करंट धरून ठेवतो. आमच्याकडे पंखा मोकळा फिरला, कंडेन्सर मात्र पोट फुगलेल्या बॅटरीसारखा झाला होता. नवा घातला आणि "मोटर गेली" असं ज्या मोटरबद्दल लिहून दिलं होतं ती चालू झाली.

किंचाळते तेव्हा बेअरिंग. डब्यात खडे हलवल्यासारखी खडखडते तेव्हा तिला पुरेसं पाणी मिळत नाही. टोपली भरलीय का, एखादा व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे का, ते बघा. मोटर आणि पंप जिथे जुळतात तिथून थेंब थेंब गळतं तेव्हा मेकॅनिकल सील गेलेलं असतं. सील म्हणजे फिरणाऱ्या दांड्याभोवतीचं वायसर समजा. "थेंबच तर आहे" म्हणून ते सोडलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि सहा महिन्यांत दोन्ही जातात. म्हणून पंप उघडलाच तर सील आणि बेअरिंग एकदमच बदलावं. मजुरी एकदाच लागते.

आमची मोटर चालू झाली, पण पारदर्शक झाकणाखाली सोड्यासारखे बुडबुडे. पंप एअर धरत होता, म्हणजे शहाळ्याच्या नळीला चीर होती. ती शोधायची युक्ती भावोजींच्या दाढीच्या फेसाची. पंप चालू ठेवून अलीकडच्या प्रत्येक जोडावर फेसाचा गोळा ठेवत गेलो. पाइपांवरचे गोळे तसेच बसून राहिले, झाकणाच्या कडेचा मात्र आत ओढला गेला. झाकणाखालची रबरी ओ-रिंग दाबून दाबून चपटी झाली होती. नवी घातली, तिला सिलिकॉनचं ग्रीस लावलं (व्हॅसलिन नको, त्याने रबर फुगतं) आणि बुडबुडे थांबले.

## काटा खोटं बोलत होता

फिल्टरवर एक छोटं घड्याळ असतं, प्रेशर मीटर. फिल्टर स्वच्छ असताना काटा कुठे असतो ते लिहून ठेवायचं. वाळूत मळ अडकत गेला की पाण्याला वाट कमी मिळते, दाब वाढतो. नेहमीच्या आकड्यापेक्षा साधारण अर्धा बार वर गेला की बॅकवॉश करायचा, म्हणजे पाणी वाळूतून उलटं सोडून मळ बाहेर काढायचा. तांदूळ धुताना आपण पाणी ढवळून वरचं गढूळ पाणी ओतून देतो, अगदी तसंच. आणि रोज उठून बॅकवॉश करू नये. वाळूत थोडा मळ असला की ती उलट जास्त बारीक गाळते.

आमच्या मीटरवर काटा १.२ बार दाखवत होता. काकांनी तो बघून रोज बॅकवॉश केला होता. मी मोटर बंद केली. काटा १.२ वरच. आतून गंजून तो तिथेच अडकला होता, किती वर्षं कोण जाणे! नव्या मीटरने ०.४ सांगितलं, म्हणजे फिल्टर तुंबलेला तर नव्हताच, उलट पाणी कुठल्याच अडथळ्याशिवाय सुसाट चाललं होतं. जुन्या तलावात पैसे घालायचेच असतील तर पहिले चार-पाचशे रुपये या मीटरवर घाला. त्याच्या भरवशावर बाकीचे सगळे निर्णय होतात.

पाणी सुसाट का जात होतं ते फिल्टर उघडल्यावर कळलं. वाळूचं आयुष्य साधारण पाच ते सात वर्षं. ही बारा वर्षांची. बोअरच्या जड पाण्यातल्या चुन्याने तिचे गोळे झाले होते, फावड्याने फोडावे लागले. सुकलेल्या कुंडीत पाणी घातलं की ते माती न भिजवता कडेने निघून जातं, तसं पाणी ढेकळांच्या फटींतून जात होतं. फिल्टर होता, पंप होता, गाळणं होत नव्हतं. दीडशे किलो नवी फिल्टरची वाळू घातली. बांधकामाची किंवा समुद्राची वाळू चालत नाही, ०.४ ते ०.८ मिलिमीटरची सिलिका लागते. वाळू भरण्याआधी घटात निम्मं पाणी भरायचं, नाहीतर पडणाऱ्या वाळूने तळाच्या जाळीदार नळ्या तुटतात. त्या तुटल्या की दुसऱ्या दिवशी तलावाच्या तळाशी वाळूची रांगोळी दिसते.

## पाणी कमी होतंय? केळींना विचारा

काका म्हणाले, "उन्हाने आटतं." आटतंच. कोकणातल्या मे महिन्यात दिवसाला अर्धा-पाऊण सेंटिमीटर सहज जातं. पण किती आटलं आणि किती गळलं, हे वेगळं कसं काढायचं?

त्यासाठी एक बादली पुरते. (पाणी आपोआप भरणारा व्हॉल्व्ह असेल तर तो आधी बंद करायचा.) बादलीत तलावाचंच पाणी भरायचं आणि ती तलावाच्या पायरीवर अर्धवट बुडेल अशी ठेवायची. आतली पातळी आणि बाहेरची पातळी, दोन्हींवर खूण करायची. ऊन, वारा दोघांना सारखाच. चोवीस तासांनी दोन्ही मोजायच्या. बादलीत ६ मिलिमीटर कमी झालं, तलावात २६. फरक २० मिलिमीटर. बत्तीस चौरस मीटर पृष्ठभागावर ते ६४० लिटर होतात, रोजचे. महिन्याला जवळपास दोन टँकर!

हीच परीक्षा मोटर बंद ठेवून पुन्हा केली. आता तलावाची आणि बादलीची घट जवळपास सारखी. म्हणजे हौद ठणठणीत, पाणी जातं ते फक्त पंप चालू असताना, दाबाच्या बाजूने. बंद असतानाही सारखंच गळलं असतं तर भिंत, तळ किंवा दिव्याची खोबण बघावी लागली असती. पातळी एका जागी येऊन थांबते का, हेही बघायचं. जिथे थांबते त्याच उंचीवर चीर असते.

पण सगळीकडे जमीन कोरडी. शेवटी बॅकवॉशचं पाणी बाहेर नेणारा पाइप शोधत कुंपणामागे गेलो, तर भर मे महिन्यात केळी माजलेल्या. पानं हत्तीच्या कानाएवढी. पाइपाच्या तोंडातून करंगळीएवढी धार सुरू होती आणि बॅकवॉश तर चालू नव्हताच.

फिल्टरच्या डोक्यावर मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह असतो. एकच दांडा, सहा जागा: गाळणं, बॅकवॉश, वाळू बसवणं, पाणी थेट बाहेर टाकणं, न गाळता फिरवणं आणि बंद. आत कोळ्याच्या आकाराचं रबरी गॅसकेट असतं, ते या वाटा एकमेकींपासून वेगळ्या ठेवतं. ते फाटलं की दांडा 'गाळणं' वर असूनही थोडं पाणी बाहेर निसटतं. फाटतं कशाने? तर मोटर चालू असताना दांडा फिरवल्याने. रोज बॅकवॉश करायचा म्हणजे रोज दोनदा दांडा फिरवायचा, आणि काका तो मोटर चालू ठेवूनच फिरवत. मीटर अडकला, म्हणून रोज बॅकवॉश, म्हणून गॅसकेट फाटलं, म्हणून पाणी केळींना. हे कोणाच्या लक्षात का आलं नाही? कारण पातळी खाली गेली की तरंगता व्हॉल्व्ह आपोआप बोअरचं पाणी आत सोडत होता. टॉयलेटच्या टाकीत असतो तसाच तो. सोय म्हणून बसवलेली ही वस्तू गळती उत्तम झाकते. नवा तलाव ताब्यात आला की पहिला आठवडा हा व्हॉल्व्ह बंद ठेवा.

## मग पाणी हिरवं का?

शेवाळ आलं, कारण क्लोरीन टिकत नव्हतं. काका सकाळी आठला हायपो घालत. कोकणातलं ऊन डोक्यावर आलं की नुसतं क्लोरीन काही तासांत बहुतेक उडून जातं. घातलेलं खरं, पण दुपारनंतर तलाव उघडाच. आम्ही वेळ बदलली, सूर्य मावळल्यावर घालायचं आणि रात्रभर मोटर चालवायची. एवढ्याने निम्मा फरक पडला.

दुसरा मुद्दा पीएचचा. पीएच म्हणजे पाणी किती आम्ल आणि किती अल्क याचं माप, तलावाला ७.२ ते ७.६ हवं. क्लोरीनचं एक रूप जंतू झपाट्याने मारतं, दुसरं आळशी असतं. पीएच ७.५ असताना जवळपास निम्मं क्लोरीन कामाच्या रूपात असतं, ८ वर गेला की जेमतेम पाव. हायपो आणि बोअरचं पाणी दोन्ही पीएच वर नेतात. म्हणजे डब्यावर लिहिलेलं सगळं क्लोरीन घालूनही पाऊण वाया. तपासायची किट हजार-दीड हजारात मिळते. फक्त तिची रसायनं शिळी नाहीत ना ते बघा.

काही जण म्हणतील, गोळ्या वापरा, त्या उन्हात टिकतात. खरं आहे. टीसीसीए नावाच्या या गोळ्यांत सायन्युरिक ॲसिड असतं, क्लोरीनला सावली धरणारी छत्रीच म्हणा. पण क्लोरीन वापरलं जातं आणि छत्र्या पाण्यातच साठत जातात. दर १ पीपीएम क्लोरीनमागे ०.६ पीपीएम छत्र्या. रोज २ पीपीएम घातलं तर तीन महिन्यांत त्या शंभराच्या वर जातात, हव्या असतात तीस ते पन्नास. मग क्लोरीन भरपूर, पण सगळं छत्रीखाली बसलेलं. किट "क्लोरीन आहे" सांगते आणि पाणी हिरवं होतं. यावर औषध नाही, थोडं पाणी काढून नवं भरणं हाच उपाय. गोळ्या आणि ब्लिचिंग पावडर मात्र कधीही एका डब्यात, एका चमच्याने हाताळायच्या नाहीत. दोन्ही एकत्र आले की पेट घेऊ शकतात.

आमच्याकडे शेवाळ मेल्यावर पाणी दुधट झालं. मग आजीच्या काळातली तुरटी. मोटर बंद करून रात्रभर ठेवलं, सकाळी तळाशी राखेसारखा साका. तो फिल्टरमधून न नेता दांडा 'थेट बाहेर' वर ठेवून ओढून टाकला. काही ठिकाणी मोरचूद टाकतात. शेवाळ मरतं, पण टाइल्सवर डाग पडतात आणि पांढऱ्या केसांना हिरवी छटा येते. भावोजींचे केस पाहता आम्ही तो मोह टाळला.

## "त्यापेक्षा रिकामा करून नव्याने भरला तर?"

हा प्रश्न हमखास येतो, आणि सल्ला म्हणून येतो तेव्हा फार धोकादायक असतो. भरलेल्या तलावात चाळीस टन पाणी असतं, ते हौदाला जमिनीत दाबून धरतं. जुलैत कोकणातल्या विहिरी काठोकाठ भरतात, म्हणजे जमिनीतलं पाणी वीतभर खाली असतं. अशा वेळी हौद रिकामा केला की तो होडी होतो. खालचं पाणी त्याला वर उचलतं, तळ फुगतो, टाइल्स उडतात, पाइप तुटतात. काही तलावांच्या तळाशी हा दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो, पण बारा वर्षांचा व्हॉल्व्ह उघडेल यावर घर लावू नये. रिकामा करायचाच तर एप्रिल-मेमध्ये, विहिरीची पातळी बघून. एरवी पाव-पाव पाणी बदलत जायचं.

## "जुनंच किती दिवस चालवायचं?"

रास्त शंका. काही गोष्टी बदलाव्याच लागतात. फिल्टरचा फायबरचा घट हाताला चिरा लागेपर्यंत वापरू नये. दाबाखाली तो फुटतो. उन्हात वर्षानुवर्षं राहिलेला पीव्हीसी पाइप खडूसारखा ठिसूळ होतो, त्याला सोल्युशन लावून तुकडे जोडत बसण्यापेक्षा उघड्यावरचा सगळा भाग नवा घालावा आणि रंगवावा. मिठाचा क्लोरिनेटर असेल, म्हणजे पाण्यातल्या मिठापासून जागेवरच क्लोरीन बनवणारं यंत्र, तर त्याच्या आतल्या टायटॅनियमच्या पट्ट्या पाच-सात वर्षांत झिजतात. तो खर्च आधीच धरून ठेवा.

पंपाचा हिशेब मात्र विजेच्या बिलात आहे. एक हॉर्सपॉवरचा पंप दिवसात आठ तास चालला तर साधारण आठ-नऊ युनिट खातो. वेग कमी-जास्त करता येणारे पंप आता मिळतात. वेग निम्मा केला की लागणारी शक्ती निम्मी नाही, एक अष्टमांश होते. तेवढंच पाणी फिरवायला दुप्पट वेळ लागतो, तरी वीज जवळपास पावच. अमेरिकेत जुलै २०२१ पासून नव्या तलाव-पंपांना कार्यक्षमतेचा नियम लागला आणि तिथे बहुतेक असेच पंप बसतात. ह्यूस्टनच्या माझ्या भाचीनेही तोच घेतला, पण तिला पर्यायच नव्हता. फेब्रुवारी २०२१ च्या गारठ्यात वीज गेली, पाणी पाइपांतच गोठून फुगलं आणि पंपाचं तोंडच फुटलं. आपल्याकडे गारठा नाही, पण शनिवार-रविवारच वापर असलेल्या बंगल्यात महागडा पंप किती वर्षांत वसूल होतो हे कागदावर मांडून बघा. आणि गावात व्होल्टेज १८० वर उतरत असेल, तर त्याच्या इलेक्ट्रॉनिक्सचं काय होईल हेही आधी विचारा.

बहिणीने जुनाच पंप ठेवला. खड्ड्याच्या तोंडाला दोन विटांचा कठडा केला, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. झाकणाच्या आतल्या बाजूला काका आता खडूने रोजचा दाब लिहितात: ०.७, ०.७, ०.८. मोटर बंद केल्यावर काटा शून्यावर येतो की नाही, हेही बघतात.

दिवा मात्र अजून बंदच आहे. नवा १२ व्होल्टचा आणलाय, ट्रान्सफॉर्मरही. तलाव रिकामा न करता खोबणीतून दिवा वर काढता येतो, त्यासाठी मागे वायरीचं वेटोळं सोडलेलं असतं. पण जुन्याच्या मागे ते वेटोळं आहे की वायर ताणून बसवलीय, हे दसऱ्यानंतरच बघायचं ठरलंय. तोवर अंधार पडला की कोणी पाण्यात उतरत नाही.